एनिडबाईच्या भेटीचा दिवस

या, जवळ या. त्या खांबाला टेकून बसलेत त्यांनीही जरा पुढे सरका. बुवा आत चहा घेतायत, कीर्तन उभं राहायला अजून अर्धा तास आहे. तेवढ्यात एक गोष्ट सांगते. माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. हसू आलं तर खुशाल हसा, आम्हीही त्या दोन दिवसांत गाल दुखेपर्यंत हसलो होतो. शेवटी मात्र तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे. ते आत्ता नाही सांगत.

तर बोटीच्या आठव्या मजल्यावर, उघड्या डेकवर, एका गोल टेबलाभोवती आम्ही तिघं बसलो होतो. टेबलावर माझा कागद, आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार बशा.

"सकाळी पावणेदहाला छोटी बोट," मी वाचलं. "दहा पाचला धक्का. दहा दहा ते दहा वीस, बाथरूम."

"धा मिनटां?" भाऊ गावडे म्हणाला. "बाई, माईच्या नऊवारीक धा मिनटां खंय पुरतत?"

"गप ऱ्हव मेल्या," माई म्हणाली. "पुढे वाच गो कालिंदे. दोन वाजता काय ता वाच."

"दोन वाजता एनिडबाई," मी म्हटलं.

"आणि एकदा वाच."

"दोन वाजता एनिडबाई."

माईने डोळे मिटून घेतले. भाऊने टेबलाच्या कडेवर एक छोटीशी तिहाई वाजवली. बशा थरथरल्या.

मी कालिंदी प्रभू. वेंगुर्ल्याच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, आणि तेवढीच वर्षं माई आरोलकरच्या मागे उभी राहून कीर्तनात झांज वाजवली. भाऊ गावडे धंद्याने शिंपी, पण हात तबलजीचा. समोर तबला नसला तर टेबल, ट्रंक, जेवणाचं ताट, काहीही चालायचं. आणि माई आमची कीर्तनकार. तेव्हा बहात्तर वर्षांची होती. आवाज असा, की मागच्या आळीत भाकऱ्या भाजणाऱ्या बायकांना घरबसल्या कीर्तन ऐकू यायचं. या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली.

आता तुम्ही विचाराल, ही वेंगुर्ल्याची तीन माणसं इंग्लंडच्या समुद्रात काय करत होती? त्याचं उत्तर एकच, एनिडबाई.

माईचा धाकटा भाऊ वासू. तो मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. एकोणसत्तर साली इंग्लंडच्या अगदी खालच्या टोकाला, पेनगॅरो नावाच्या चिमुकल्या बंदरात, त्याला न्युमोनिया झाला. जहाजाने त्याला तिथल्या इस्पितळात उतरवलं आणि जहाज पुढे गेलं. वय पंचवीस, इंग्रजीचे शब्द चार. तापाने फणफणलेला, आणि अन्न तोंडात घेईना. सहा आठवडे तो तिथे होता. मग वेंगुर्ल्याला एक पत्र आलं. ते हेडमास्तरांनी माईच्या घराच्या पडवीत उभं राहून वाचून दाखवलं. तुमच्या भावाचा ताप उतरतो आहे. त्याला आमचं अन्न जात नाही, म्हणून त्याने खुणांनी दाखवलं तसा तांदूळ मीठ घालून मऊ, पातळ शिजवून त्याला रोज दिला जातो. दुपारी तो गातो. त्या वेळी त्याचा हात हातात धरलेला असतो. तो एकटा नाही. खाली सही, सिस्टर एनिड कार्लियन.

"पेज!" माईची आई ओरडली होती. "मडमेन माझ्या झिलाक पेज घातली!"

वासू सुखरूप घरी आला, आणि हेडमास्तरांनी त्या पत्राला तसं उत्तरही धाडलं. माई तेव्हा नुकतीच कीर्तनाला उभी राहू लागली होती. कीर्तनाच्या उत्तररंगात कथा लागते, आख्यान लागतं. माईने एनिडबाईचं आख्यान लावलं. ते असं काही रंगलं, की पुढची चाळीस वर्षं वेंगुर्ल्यापासून शिरोड्यापर्यंत प्रत्येक देवळात लोक तेच मागायचे. एनिडबाई उंच. मान राजहंसासारखी. डोक्यावर पांढरी टोपी. परक्या मुलखातल्या परक्या पोरासाठी चुलीपाशी उभी राहून पेज ढवळते आहे, आणि वाफेत तिला जगदंबेचं रूप चढतं आहे. त्या जागी बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

वासू पहिल्या रांगेत बसायचा. "उंच" म्हटलं की नकाराची मान हलवायचा.

"ताये, ती बुटकी होती गो," तो घरी आल्यावर सांगायचा. "हात लाल लाल."

"आख्यानात बुटकी नाय चालत," माई म्हणायची. "आणि तुका काय कळता? तुका ताप होतो."

वासू हसायचा आणि सोडून द्यायचा. फार गरीब स्वभावाचा माणूस. डोळे मिटण्याआधी मात्र त्याने माईला एक काम सांगितलं होतं. इस्पितळातून निघताना जहाज कंपनीच्या माणसाने त्याला सकाळीच घाईने गाडीत घातलं होतं, त्या बाईचा निरोप घेता आला नव्हता. "भेटलीस तर सांग," तो म्हणाला, "वासू घराक पावलो."

एवढंच. एवढा एक निरोप. आणि वासू जाऊन दोन वर्षं होतात न होतात, तर त्याचा मुलगा हेमंत, जो एका मोठ्या प्रवासी बोटीच्या इंजिनात कामाला होता, त्याचा फोन आला. आत्ये, आमची बोट इंग्लंडच्या किनाऱ्याला फेरी मारणार आहे, पेनगॅरोला एक दिवस थांबणार आहे, घरच्यांसाठी तीन जागा मिळतायत, येतेस?

माईने त्याच दिवशी भाऊला माप सांगितलं. "एनिडबाईसाठी खणाचो एक झगो शिव. उंच बाई. खांदे रुंद."

"माप खंयसून आणू?"

"चाळीस वर्षां आयकतंस आख्यान, आणि माप माका विचारतंस?"

भाऊने शिवला. आख्यानाच्या मापाने. तो झगा आमच्या खोलीत हँगरला लटकलेला होता, आणि हेमंतने बोटीच्या स्वयंपाकघरातून मिळवलेला एक नारळ त्याच्याखाली ठेवलेला होता. ओटी भरायची होती ना!

आता अडचण एकच होती. एनिडबाई कुठे राहते, आहे की नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. बोटीवर किनाऱ्याच्या सहली ठरवायचं एक टेबल असतं. तिथे रोझाली नावाची मुलगी होती, आमच्या नशिबाने गोव्यातल्या म्हापशाची. तिने आमच्यासमोर तीन रंगीत कागद ठेवले. एक सहल किल्ल्याची, एक बागांची, एक जुन्या कोळीवाड्याची.

"माका एनिडबाई व्हयी," माई म्हणाली.

रोझालीने यादी वरून खाली बघितली आणि नकाराची मान हलवली. "तशी टूर ना, माई."

मग माईने तिला आख्यान सांगितलं. उभ्या उभ्या, टेबलाशी, अभंगासकट. मागे रांग वाढत गेली. लाल गालांचे गोरे म्हातारे घड्याळ बघत होते, पण कोणी रांग सोडली नाही. पेजेच्या जागी आल्यावर रोझालीने टेबलाच्या खणातून रुमाल काढला.

"हांव फोन करतां," ती म्हणाली.

दोन तासांनी ती धावतच डेकवर आली. इस्पितळ बंद होऊन वीस वर्षं झाली होती, तिथे आता लोक राहतात. पण पेनगॅरोच्या चर्चमधल्या बाईला सगळं माहीत होतं. सिस्टर कार्लियन आहेत. वय शहाऐंशी. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात असतात. भेटायची वेळ दोन ते साडेतीन. "आणि वेळेवर या म्हणून सांगितलंय," रोझाली म्हणाली. "म्हातारी वेळेची कडक आहे."

माईने माझे दोन्ही हात धरले. मला वाटलं, ती रडणार. तिने फुगडी घातली! बहात्तराव्या वर्षी, नऊवारीत, पायात नवे कोरे पांढरे बूट, आठव्या मजल्यावर! भाऊ खुर्चीच्या पाठीवर ताल धरून होता. मी गरगरले, एका छत्रीला धडकले, आणि बाजूच्या एका गोऱ्या बाईने आपल्या नवऱ्याला सांगितलेलं मला ऐकू आलं की हा इथला व्यायामाचा वर्ग दिसतो, उद्या आपणही येऊ.

त्यानंतर मी तो कागद केला. मिनिटामिनिटाचा.

"किल्लो खंय आसा ह्याच्यात?" भाऊने विचारलं.

"किल्ला नाही."

"पेनगॅरोक जावन किल्लो बघूचो नाय? माझ्या नातवाक काय सांगू?"

"सव्वाअकरा ते पावणेबारा," मी म्हटलं. "धावत."

"आणि ती मलई आणि जाम लावलेली पावासारखी वस्तू?"

"बारा ते बारा वीस. एकच."

"दोन."

"भाऊ, एनिडबाईकडे वेळेवर पोचायचं आहे."

"दोन वाजता पोचूचा तर बारा वीस ते दोन काय करतलास?"

"चढ आहे," मी म्हटलं. "मी नकाशा बघितलाय. माई हळू चालेल, आणि ती वाटेत लोकांना आशीर्वाद देत सुटेल."

"दीड," माई म्हणाली. "एक भाऊक, अर्धो माका." आणि तो प्रश्न मिटला.

मिटला नाही तो समुद्र. संध्याकाळी वारा सुटला. पेनगॅरोचा धक्का लहान, मोठी बोट तिथे लागत नाही. ती लांब उभी राहते आणि छोट्या बोटी माणसं नेतात. कप्तानाने भोंग्यावरून सांगितलं की लाटा वाढल्या तर उतरणं रद्द, निर्णय सकाळी आठ वाजता. माईला मी मराठीत सांगितलं. चाळीस वर्षांचं आख्यान आणि एक निरोप घेऊन आलेली बाई, आणि मधे मैलभर पाणी.

सकाळी सात वाजता तिने आम्हा दोघांना कठड्याशी उभं केलं. समुद्र करडा. बोट हलत होती.

"गाऱ्हाणां घालूया," ती म्हणाली.

तुम्ही सगळे कोकणातलेच, देवाला साकडं घालायचं गाऱ्हाणं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. पण इंग्लंडच्या समुद्राला ते पहिल्यांदाच ऐकायला मिळत होतं. माईने हात जोडले आणि देवळाच्या चौकात लावावा तसा आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! वेंगुर्ल्याच्या रवळनाथा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघं.

"तुझीं लेकरां आज परमुलखातल्या दर्यात येवन रवलीहत. ह्यो दर्यो आमच्या आडवो इलो हा, तेका आज एक दिवस गप बसव!"

"व्हय म्हाराजा!"

"जी लाट आमच्या बोटीक आडवी येता, ती थंयच्या थंय निजव!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी आवाज जरा जास्त वाटला. मी मागे बघितलं. कालचं ते जोडपं, धावायच्या कपड्यांत, आमच्या मागे हात जोडून उभं होतं. त्यांना वाटलं, हा व्यायामाच्या वर्गाचा दुसरा भाग.

"कप्तानाक सद्बुद्धी दी! तेच्या पोराबाळांक सुखी ठेव!"

"व्हय म्हाराजा!" आता सहाजण.

"आणि एनिडबाईक दोन वाजेपर्यंत जागी ठेव!"

"व्हय म्हाराजा!" जणू कवायत.

आठ वाजता भोंगा बोलला. उतरता येईल. मात्र दुपारी वारा पुन्हा चढणार, म्हणून धक्क्यावरून परतीची शेवटची बोट चार वाजता सुटेल. चारनंतर कोणासाठीही थांबणार नाही.

मी कागद काढला आणि परतीची वेळ अलीकडे ओढली. "तीन वीसला वृद्धाश्रमातून निघायचंच," मी बजावलं. "माई, तू नुसतं भेटायचंस, ओटी भरायचीस, निरोप सांगायचास. कीर्तन नाही."

"नाय गो," माई म्हणाली. "कीर्तन कित्याक करतलंय?"

मी तिच्या हातातल्या पिशवीत बघितलं. माझी झांज होती.

त्या दिवसाची सकाळ कशी गेली विचारू नका. केशरी लाइफ जॅकेट घातलेली माई छोट्या बोटीत उतरली तेव्हा तिला हात देणाऱ्या खलाशाच्या डोक्यावर हात ठेवून तिने "शंभर वर्षांचो हो" म्हटलं. किल्ला आम्ही पंधरा मिनिटांत बघितला. एका तोफेवर भाऊने केरवा वाजवून पाहिला आणि आवाज चांगला लागतो म्हणाला. मलईचे पाव तीन झाले, कारण दुकानदारीणबाईने माईची साडी बघून एक फुकट दिला. चढावर माईने दोन कुत्री, एक पोस्टमन आणि एका बाळाच्या गाडीला आशीर्वाद दिले. आणि दोनला दोन मिनिटं असताना आम्ही टेकडीवरच्या त्या पांढऱ्या घराच्या दारात उभे होतो, घामाघूम, हातात नारळ, खणाचा झगा आणि एक बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा. तो भाऊने त्याच दुकानातून मागून घेतला होता. कशाला ते मी तेव्हा विचारलं नाही.

दार उघडून आम्हाला बैठकीच्या खोलीत नेलं. खिडकीपाशी खुर्चीतून एक म्हातारी उठली. उठत गेली, उठत गेली. आमच्या भाऊपेक्षा वीतभर उंच! सरळ पाठ, लांब मान.

माईने भाऊला कोपर मारलं. "उंच आसा!" तिचा आवाज चिरकला. "बघलंस? वासू, बघ रे! उंच आसा!"

"तुम्ही दोन मिनिटं लवकर आलात," सिस्टर कार्लियन इंग्रजीत म्हणाली. "चांगलं आहे."

माई तिच्या पाया पडायला वाकली, ती दचकून मागे सरली. मी सांगितलं, आम्ही भारतातून आलो, एकोणसत्तर साली तुमच्या इस्पितळात एक खलाशी होता, त्याची ही बहीण. म्हातारी आठवू लागली. भाऊने झगा पुढे केला. तिने अंगावरच्या लोकरीच्या जाकिटावरूनच तो चढवला, आणि तो खांद्याला, हाताला, घोट्याला असा बरोबर बसला की खोलीतल्या आठ-नऊ म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ इतका फुलला की मला वाटलं, आता याच्या सदऱ्याची बटणं तुटतील. माईने तिची ओटी भरली. तांदूळ गालिच्यावर सांडले.

"आता निरोप सांग," मी माईला म्हटलं. दोन वीस झाले होते.

"असोच कसो सांगू?" माई म्हणाली. "आख्यान लागल्याबिगर निरोप खंय येता?"

आणि तिने पदर खोचला. भाऊने डबा मांडीवर घेतला. झांज माझ्या हातात कधी आली, मला कळलं नाही.

मी एकेका ओवीचं इंग्रजी करत गेले. त्या घराने असलं काही कधी ऐकलं नव्हतं. एक आजोबा भाऊच्या ठेक्यावर काठी आपटत होते. बोट आली, ताप आला, अन्न जाईना. माईचा आवाज चढला. उंच, राजहंसासारख्या मानेची एनिडबाई चुलीशी उभी राहिली, तिने तांदूळ धुतले, पेज ढवळली, आणि परक्या आईच्या लेकराचा हात हातात घेतला!

सिस्टर कार्लियनने हात वर केला. पोलिसाने गाडी थांबवावी तसा.

माईचं कीर्तन मधेच कोणी थांबवलं नव्हतं. चाळीस वर्षांत नाही. डबा गप्प झाला.

"हे मी केलं नाही," ती म्हणाली. मी मराठीत सांगितलं. माईला वाटलं, नम्रपणा आहे. ती हसून मान हलवू लागली.

"तिला नीट सांगा," म्हातारी मला म्हणाली. "माझ्याकडे एकोणीस खाटा होत्या. मी कोणाचा हात धरून बसत नव्हते. ते काम डॉलीने केलं. डॉली हॉकिंग. ती फरशा पुसायची. तिनेच ते तांदूळ कुठून तरी आणले, आणि आमच्या मुख्य सिस्टरने स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही तर खाली धुलाईच्या खोलीतल्या शेगडीवर शिजवले. काम संपलं की त्या पोराजवळ बसायची. त्याच्या घरी कळवा म्हणून माझ्या मागे लागली. तिला धड लिहिता येत नव्हतं. ती सांगत गेली, मी लिहिलं. मी घाईत होते. 'हात धरलेला असतो' असं लिहिलं, कोणी ते लिहिलं नाही. सही माझी, कारण सही सिस्टरचीच चालायची."

"कशी होती दिसायला?" मी विचारलं.

"बुटकी," ती म्हणाली. "या खुर्चीच्या पाठीएवढी. सोड्याच्या पाण्याने हात कायम लाल."

मला ते मराठीत सांगायचं धैर्य होईना. पण सांगितलं.

माई खाली गालिच्यावर बसली. सांडलेल्या तांदळांत.

"वासू सांगत होतो," ती म्हणाली. "चाळीस वर्षां सांगत होतो माका. आणि मी म्हणलंय, आख्यानात बुटकी नाय चालत." मग तिने वर बघितलं. "ती आसा?"

मी विचारलं. नाही. अठ्ठ्याऐंशी साली गेली. नवरा आधीच गेलेला, मूल नव्हतं.

"तिने मागाहून कधी विचारलं का त्याच्याबद्दल?" मी विचारलं.

सिस्टर कार्लियन खिडकीकडे वळली. "दर सोमवारी," ती म्हणाली. "मी त्या इस्पितळात होते तोपर्यंत दर सोमवारी. 'सिस्टर, तो पोरगा घरी पोचला का?' मी म्हणायचे, डॉली, माझ्याकडे एकोणीस खाटा आहेत. पुढे माझी बदली झाली." हेडमास्तरांनी धाडलेलं उत्तर सिस्टरच्याच नावाने गेलं असणार, आणि ते तिला कधी मिळालंच नव्हतं. तिने झग्याची बटणं काढायला सुरुवात केली. "हा माझा नाही. हा डॉलीचा आहे."

मी सांगितल्यावर माईने मान वर केली. डोळे भरलेले होते, पण ओठाचा एक कोपरा हलला. "डॉलीक तो पायात अडकलो असतो," ती म्हणाली. "तुझोच आसा. तू पत्र लिवलंस. ठेव."

हे ऐकून म्हातारी हसली. त्या दुपारी पहिल्यांदा हसली. आणि मग तिने माईलाच विचारलं, सरळ माईकडे बघून, जणू मी मधे नव्हतेच.

"तो पोचला का?"

माई गुडघ्यावर हात ठेवून उठली, पदर पुन्हा खोचला आणि भाऊला म्हणाली, "वाजव. पयल्यापासून."

माझ्या घड्याळात तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. तीन वीसला निघायचं होतं. मी कागद उघडला, मिटला. तुम्हाला ठाऊक आहे, कीर्तन उभं राहिलं की आरतीपर्यंत कोणी उठत नाही. घराला आग लागली तरी बुवाने आटोपतं घ्यावं लागतं. आणि आटोपतं घेणं माईला आयुष्यात जमलं नव्हतं. चारची बोट गेली तर आम्ही तिघं, परक्या देशात, एका पत्र्याच्या डब्यासह! मी झांज हातात घेतली. काय करणार?

माईने आख्यान नव्याने बांधलं. उभ्या उभ्या. एकेका ओळीला ती थांबून सिस्टर कार्लियनकडे बघायची, मी विचारायची, आणि ती कडक आवाजात पुरवणी द्यायची.

"शिट्टी वाजवायची. बेसूर."

माईने शिट्टी घातली. भाऊने ती वाजवून दाखवली. म्हातारे हसू लागले.

"एक बूट करकरायचा. ती येते आहे हे दोन खोल्या आधी कळायचं."

"पायातलो जोडो करकर करी, अंगणी इली माउली!" माईने तिथल्या तिथे ओळ रचली, आणि भाऊने डब्यावर बोटं घासून असा बूट करकरवला की कोपऱ्यातली एक आजी हसता हसता रडायला लागली. "हीच ती," ती म्हणाली, "मी ओळखत होते तिला, हीच डॉली." सिस्टर कार्लियन हात आपटत होती, झग्याच्या बाह्या फडफडत होत्या. "पेज पहिल्यांदा करपली होती, तेही सांगा!" माईने करपवली. खोलीत उकळी फुटली. मी भाषांतर करायचं विसरून गेले, आणि कोणाला त्याची गरजही वाटली नाही.

मग माईने आवाज खाली आणला. लाल हात झाला, करपलेली पेज झाली, दर सोमवारचा प्रश्न झाला. आणि तिने हात जोडून, कोणाकडेही न बघता, त्या खोलीच्या छताकडे बघत गायलं, की डॉलीबाय, ऐक. वासू घराक पावलो. तेचा लगीन झाला. तेका झील झालो, तो आज दर्यात बोट चालवता. म्हातारो होवन, आपल्या घरात, आपल्या माणसांत गेलो. वासू घराक पावलो गो, डॉलीबाय, घराक पावलो.

हे मात्र मी नीट इंग्रजीत सांगितलं. सिस्टर कार्लियनने एकदा मान हलवली. बस, एकदाच.

आरती झाली तेव्हा तीन वाजून एक्केचाळीस मिनिटं.

"एकोणीस मिनिटं!" ती खणाच्या झग्यातली उंच बाई गरजली, आणि मला तिचं इस्पितळ डोळ्यांसमोर दिसलं. "गाडी काढा! या बाईंना पुढे बसवा! तू डबेवाल्या, मागे!" आश्रमाच्या छोट्या गाडीतून आम्ही उतारावरून असे निघालो की माई देवाचं नाव घेत होती आणि भाऊ खिदळत होता. धक्क्यावर रोझाली दोन्ही हात वर करून नाचत होती. आम्ही शेवटच्या बोटीत पडलो. अक्षरशः पडलो. मागून त्या जोडप्याने ओरडून आमचं स्वागत केलं, "व्हय म्हाराजा!"

बोट सुटल्यावर माई टेकडीकडे वळून बघत होती. मी विचारलं, "वाईट वाटतंय?"

"वाटता तर," ती म्हणाली. "पण कालिंदे, उद्यापासून ह्या आख्यान मी खरां सांगतलंय."

आणि तिने ते सांगितलं. पुढची नऊ वर्षं, आवाज होता तोवर. आज आतमध्ये चहा घेतायत ते बुवा तिचेच शिष्य, आणि आज उत्तररंगात हेच आख्यान लावणार आहेत.

तर माझं मागणं एवढंच. मधे डॉली हॉकिंग हे नाव आलं की ते परकं वाटतं, ऐकताना माणसं जरा हसतात. हसा. पण नाव कानाआड करू नका. तिचं स्वतःचं असं माघारी कोणी नाही. तिच्या मुलखात तिला ओळखणारी माणसं संपत आली आहेत, आणि नाव घेणारे आता आपणच उरलो. घरी गेल्यावर, देवापुढे हात जोडाल तेव्हा, आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की तिचंही एकदा घ्या. डॉली हॉकिंग. चला, बुवा आले. टाळ्यांचा ठेका धरा.